औषध बाधतं तेव्हा

औषध लागू पडतं, मानवतं, सोसतं. आणि कधी कधी ते बाधतं. आजारपण चालू असलेल्या घरात ही चारही क्रियापदं सर्रास वापरली जातात आणि त्यांच्यातला फरक कुणाला शिकवावा लागत नाही. 'लागू पडलं' म्हणजे रोगावर चाललं. 'मानवलं' म्हणजे प्रकृतीशी जुळलं. 'सोसलं' म्हणजे त्रास झाला, पण झेपला. 'बाधलं' म्हणजे इजा झाली. एकच औषध एकाच माणसाला लागूही पडेल आणि बाधेलही, यात मराठी माणसाला काही विपरीत वाटत नाही. दोन्ही गोष्टींना भाषेनं आधीपासून वेगळे शब्द देऊन ठेवले आहेत.

कर्करोगाच्या औषधानं मूत्रपिंडाला इजा होते तेव्हा मात्र दवाखान्यात यांतलं एकही क्रियापद कानावर पडत नाही. तिथे 'साइड इफेक्ट' होतो. फाइलीवर 'नेफ्रोटॉक्सिसिटी' असं लिहिलेलं असतं आणि नातेवाइकांना सांगताना त्याचं 'थोडा किडनीवर इफेक्ट आहे' असं होतं. मला हा 'साइड' शब्द खटकतो. केस गळणं, तोंड येणं, अन्नाची वासना जाणं यांना तो एकवेळ चालेल. किडनीचं तसं नाही. कर्करोगाची कितीतरी औषधं किडनीतूनच शरीराबाहेर पडायची असतात. किडनी खालावली की पुढचा डोस कमी करावा लागतो, तारीख पुढे ढकलावी लागते, कधी औषधच बदलावं लागतं. म्हणजे कर्करोगाचा मूळ उपचारच अडतो. जी गोष्ट मुख्य रस्ता अडवते तिला बाजूची कशी म्हणायची?

'बाधणे'चं व्याकरण इथे कामाला येतं. संस्कृत 'बाध्' म्हणजे दाबणं, पीडा देणं, आड येणं; 'विषबाधा' आणि 'अबाधित' हे त्याच घरातले. मराठीत हे क्रियापद वापरलं की लगेच प्रश्न उभा राहतो: कुणाला बाधलं? 'साइड इफेक्ट झाला' हे वाक्य तिथेच संपतं. 'औषध बाधलं' हे वाक्य ज्याला इजा झाली त्याचं नाव घेतल्याशिवाय पुरं होत नाही. 'केमो किडनीला बाधली' असं कुणी म्हटलं की काय झालं, कशानं झालं आणि कुणाला झालं, हे तीन शब्दांत कळतं.

'दुष्परिणाम' हा छापील शब्दही वाईट नाही. 'परिणाम'चा जुना अर्थ पिकणं, पालटणं, अन्न पचणं असा आहे. जेवण पचू लागलं की उठणाऱ्या पोटदुखीला आयुर्वेदात 'परिणामशूल' म्हणतात. औषध शरीरात पचताना, पालटताना जे वाईट घडतं तो दुष्परिणाम, असा त्याचा अर्थ लावता येतो. पण हा शब्द आता पाकिटातल्या बारीक अक्षरांत राहायला गेला आहे. घरात तो कुणी बोलत नाही.

आता ज्याला बाधलं त्या अवयवाकडे येऊ. त्याला मराठीत चार नावं आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. सोनोग्राफीच्या खोलीत तो 'किडनी', वर्तमानपत्रात 'मूत्रपिंड', शाळेच्या विज्ञानात 'वृक्क' आणि मटणाच्या दुकानात 'गुर्दा'. यांतला वृक्क संस्कृत आणि गुर्दा फारसी. दोघांचा एकमेकांशी काही संबंध असेल असं ऐकताना वाटत नाही. पण ते सख्खे चुलतभाऊ आहेत. अवेस्तेत या अवयवाचं नाव 'वॅरॅध्क' असं येतं. इराणकडे त्याचंच पुढे 'गुर्दा' झालं, इकडे आतलं व्यंजन पुढच्यात मिसळून 'वृक्क' झालं. फारसीतून हिंदी-उर्दूत आलेल्या 'गुर्द्या'ला हिमतीचाही अर्थ आहे. अवघड काम करायला तिकडे 'दिल-गुर्दा' लागतो. आपण तिथे 'काळीज' म्हणतो आणि किडनीला हिमतीच्या हिशेबात धरत नाही.

'मूत्रपिंड' हा शब्द नवा आहे आणि त्याच्यात नवं शरीरशास्त्र भरलेलं आहे. आयुर्वेदाच्या संहितांमध्ये वृक्कांचं नातं मेदाशी लावलेलं आहे, ते मेदोवह स्रोतसांचं मूळ मानले जातात; मूत्राची चर्चा बस्तीच्या अनुषंगानं येते. ज्यानं कुणी 'मूत्रपिंड' हे नाव घडवलं त्यानं या अवयवाचं काम नावातच सांगून टाकलं. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव इथे गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटर लघवी होऊन बाहेर पडतो.

पण नाव इतकं उघड असलं की त्याचा एक तोटाही होतो. मूत्रपिंडाचं काम मूत्र. मग मूत्र होतंय तोवर पिंड ठीक, असा हिशेब लोक करतात. 'लघवी तर साफ होतेय, मग किडनीला काय झालंय?' हा प्रश्न केमोच्या वॉर्डात मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे, आणि विचारणाऱ्याची त्यात काही चूक नाही, शब्दच त्याला तिकडे नेतो. खरी गोष्ट अशी की सिस्प्लॅटिनसारख्या औषधानं इजा होते तेव्हा लघवी बहुधा कमी होतच नाही. पाणी बाहेर पडत राहतं, मात्र जे बाहेर टाकायचं ते रक्तात राहतं आणि जे राखायचं ते, विशेषतः मॅग्नेशियम, लघवीतून वाहून जातं. गाळणीचं काम निवडण्याचं असतं, ओतण्याचं नव्हे. 'मूत्रपिंड' या नावात ती निवड कुठेच नाही.

सिस्प्लॅटिनचं नाव घेतलं आहे तर त्याच्याकडे नीट पाहू, कारण तोंडाच्या, घशाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आपल्याकडे हे औषध फार वापरलं जातं, आणि तंबाखूनं आपल्या राज्यात तोंडाच्या कर्करोगाचे किती रुग्ण तयार केले आहेत ते मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात एक चक्कर मारली तरी कळतं. नावाचे दोन तुकडे आहेत: सिस आणि प्लॅटिन. स्पॅनिश भाषेत चांदीला 'प्लाता' म्हणतात. दक्षिण अमेरिकेत, आजच्या कोलंबियातल्या नद्यांच्या वाळूत सोनं धुणाऱ्यांना सोन्याबरोबर एक पांढरा, न वितळणारा धातू सापडायचा. त्याला त्यांनी 'प्लातिना' म्हटलं, म्हणजे चिल्लर चांदी. नावात कौतुक नव्हतं, सोन्यात घुसणारी ब्याद अशीच त्याची गणना होती.

'सिस' लॅटिन आहे आणि त्याला मराठीत अगदी नेमका शब्द आहे: अलीकडे. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे. रोमन लोक आल्प्स पर्वताच्या आपल्या बाजूच्या मुलखाला 'सिसअल्पाइन' म्हणत आणि पलीकडच्याला 'ट्रान्सअल्पाइन'. रसायनशास्त्रानं हेच दोन शब्द रेणूला लावले. प्लॅटिनमच्या अणूभोवती दोन क्लोरीन आणि दोन अमोनिया बसवले, आणि दोन्ही क्लोरीन एकाच अंगाला आले तर तो 'सिस'. समोरासमोर बसले तर 'ट्रान्स'. अलीकडचा रेणू कर्करोगावर चालतो, पलीकडचा चालत नाही. दोन्हींत अणू तेच आणि तेवढेच असतात, फरक फक्त बसण्याच्या जागेचा.

हा पदार्थ १८४४ साली मिकेले पेरोने या इटालियन रसायनज्ञानं तयार केला होता. १८९३ साली आल्फ्रेड वेर्नरनं त्याची रचना उलगडली. मग तो पुस्तकात पडून राहिला. १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. वीज सोडायला त्यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्या घेतल्या, कारण प्लॅटिनम अशा द्रावणात विरघळत नाही असा समज होता. जिवाणूंचं विभाजन थांबलं आणि ते नुसते लांबत सुटले, नेहमीच्या तीनशेपटीपर्यंत. वीज निमित्तमात्र होती. पट्टीतलं थोडंसं प्लॅटिनम द्रावणात उतरलं होतं आणि तिथल्या अमोनिया-क्लोरीनशी जुळून पेशींची वाढ रोखत होतं. जे पेशींना विभागू देत नाही ते गाठीवर चालेल का, हा पुढचा प्रश्न. चाललं. उंदरांवरचे निष्कर्ष १९६९ साली छापून आले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांवर वापर सुरू झाला.

तिथे किडनी आड आली. गाठी विरघळत होत्या, पण मूत्रपिंडं इतकी बिघडत होती की औषध सोडून द्यायची पाळी आली होती. याचं कारण मूत्रपिंडाच्या घडणीत आहे. तिथल्या नलिकांच्या पेशींना रक्तातले काही पदार्थ ओढून घ्यायला खास दारं असतात, आणि सिस्प्लॅटिन त्या दारांतून आत शिरतं. रक्तात जेवढं असतं त्याच्या पाचेक पट त्या पेशींमध्ये साठतं. शरीर साफ करायला बसलेली पेशी साफ करता करता स्वतःच विष पिते.

तोड निघाली ती मिठाच्या पाण्याची. औषधाच्या आधी, बरोबर आणि नंतर शिरेतून भरपूर सलाईन सोडायचं, लघवीचा ओघ चालू ठेवायचा, औषध नलिकांत रेंगाळू द्यायचं नाही. एवढ्यानं सिस्प्लॅटिन वापरण्याजोगं झालं आणि १९७८च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. पसरलेला वृषणाचा कर्करोग तोवर बहुतेकांचा जीव घ्यायचा. या औषधानं त्यातले बहुतेक तरुण बरे होऊ लागले. मिठातलं क्लोराइडही इथे उपयोगी पडतं. भोवती क्लोराइड पुरेसं असेल तोवर रेणूतले दोन क्लोरीन जागा सोडत नाहीत. पेशीच्या आत क्लोराइड कमी असतं, तिथे ते सुटतात आणि रेणू कामाला लागतो. म्हणून हे औषध नुसत्या ग्लुकोजच्या बाटलीत मिसळत नाहीत. ॲल्युमिनियमची सुईसुद्धा चालत नाही, प्लॅटिनम तिच्याशी भांडतं.

ह्या मिठाच्या पाण्याला मराठीत शब्द आहे आणि तो वैद्यांच्या तोंडी आजही जिवंत आहे: अनुपान. 'अनु' म्हणजे मागोमाग, 'पान' म्हणजे पिणं. चूर्ण मधातून, भस्म तुपातून, काढ्यावर कोमट पाणी. अनुपानामुळे औषध जागी पोचतं, अंगावर उठत नाही, त्याची तीक्ष्णता सोसते. अनुपान चुकलं की उत्तम औषधही बाधतं, हे आपल्या आज्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. सिस्प्लॅटिनचं सलाईन शब्दशः अनुपान आहे. आयुर्वेदाला हे आधीच ठाऊक होतं, असं मला मुळीच म्हणायचं नाही. प्लॅटिनमचा रेणू त्यांच्यासमोर नव्हता. माझं म्हणणं एवढंच की औषधाला सोबत लागते ही कल्पना ज्या भाषेत रुजलेली आहे, तिथे ती सोबत समजावून सांगायला आपण परका शब्द का शोधतो?

कारण 'सलाईन' या शब्दानं मराठीत भलताच अर्थ घेतला आहे. मूळ लॅटिन 'साल', मीठ. सलाईन म्हणजे खारं पाणी, एका लिटरला नऊ ग्रॅम मीठ. आपल्याकडे मात्र ती 'ताकदीची बाटली' झाली. अशक्तपणा आला, चढव बाटली. केमोच्या दिवशी डेकेअरच्या पलंगाशेजारच्या खांबाला तीन-चार पिशव्या टांगलेल्या असतात. त्यातली 'खरी' कोणती याच्याकडे नातेवाइकांचं लक्ष असतं. ती संपली की लातूरचा, जळगावचा मुलगा सिस्टरकडे जातो आणि हात जोडून म्हणतो, "सिस्टर, औषध तर झालं ना, आता ही साधी बाटली जरा जोरात सोडता का? गाडी चुकेल." सिस्टर चाक फिरवत नाही. "दादा, हीच औषधाइतकी महत्त्वाची आहे," एवढंच म्हणून ती पुढच्या पलंगाकडे वळते. तिच्याकडे वेळ नाही. तिला 'हे त्या औषधाचं अनुपान आहे' असं म्हणता आलं असतं, तर पुढचं बरंच बोलणं वाचलं असतं.

टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर केलेली एक चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन दर आठवड्याला थोडं द्यावं की तीन आठवड्यांनी एकदम मोठं द्यावं, हा प्रश्न होता. तीन आठवड्यांनी मोठा डोस घेणाऱ्यांत गाठ जास्त चांगली काबूत राहिली, आणि तीव्र त्रासही त्यांनाच जास्त झाला. लागू पडणं आणि बाधणं, दोन्ही एकाच पिशवीतून येतात.

'टॉक्सिक' या शब्दाचीही कुळकथा याच्याशी जुळणारी आहे. ग्रीक भाषेत 'तोक्सोन' म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला लावायच्या विषाला 'तोक्सिकोन फार्माकोन', धनुष्याचं द्रव्य, म्हणत. पुढे 'फार्माकोन' गळून पडलं आणि नुसतं धनुष्य उरलं, त्याचाच अर्थ विष झाला. गळालेल्या 'फार्माकोन'मधून इकडे फार्मसी आली. त्या शब्दाचा ग्रीक अर्थ औषध आणि विष असा दोन्ही होता. चरकसंहितेतही नीट योजलेलं तीक्ष्ण विष उत्तम औषध होतं आणि वेडंवाकडं वापरलेलं औषध विष होतं, असं सांगितलं आहे. फक्त धनुष्याची कल्पना इथे फसवी आहे. बाण जिथे मारतो तिथे लागतो. शिरेतून सोडलेलं औषध सगळीकडे लागतं.

आता त्या शब्दाकडे येतो ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला: क्रिएटिनिन. केमोच्या आदल्या दिवशी रक्त तपासतात आणि त्या कागदावर सगळ्यांचे डोळे याच आकड्यावर असतात. लोक 'क्रिएटिन' म्हणतात. "क्रिएटिन वाढलंय, डोस पुढे ढकलला." क्रिएटिन खरं तर वेगळं द्रव्य, पण ते त्याच घरातलं. १८३२ साली फ्रान्सच्या शेव्हरलनं मांसाच्या अर्कातून ते वेगळं केलं आणि 'क्रेआस', मांस, या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव ठेवलं. १८४७ साली जर्मनीच्या लीबिगनं त्यापासून होणाऱ्या द्रव्याला क्रिएटिनिन म्हटलं. हा 'क्रेआस' आपल्या अगदी जवळचा नातेवाईक आहे. वेदांतला 'क्रविस्', कच्चं मांस. 'क्रव्याद', मांस खाणारा, जे चितेच्या अग्नीचं नाव आहे. आणि रोजच्या मराठीतला 'क्रूर', ज्याचा मूळ अर्थ रक्ताळलेला, कच्चा असा आहे. सगळे एका मुळाचे. प्रयोगशाळेच्या छापील कागदावर क्रूर शब्दाची बहीण बसलेली असते.

या व्युत्पत्तीचा उपयोग असा. क्रिएटिनिन मांसातून येतं, म्हणजे आपल्याच स्नायूंतून. स्नायू रोज थोडं थोडं क्रिएटिनिन रक्तात टाकतात, किडनी ते बाहेर काढते. किडनी मंदावली की ते साठतं आणि आकडा चढतो. पण स्नायूच झडले असतील तर? तोंडाच्या कर्करोगात घास गिळता येत नाही, नाकातल्या नळीतून पातळ पेज जाते, दंड काठीसारखे होतात. अशा माणसाच्या अंगात क्रिएटिनिन तयारच कमी होतं. त्याची किडनी अर्ध्यावर आली तरी कागदावरचा आकडा 'नॉर्मल' दिसू शकतो. ०.९ पाहून घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तोच ०.९ पहिलवानाच्या अंगात खरंच चांगला, आणि पस्तीस किलोच्या आजीच्या अंगात धोक्याचा असू शकतो. म्हणून डॉक्टर वय, वजन, बाई की पुरुष हे धरून गाळण्याचा वेग काढतात, शंका असेल तिथे सिस्टॅटिन-सी नावाची वेगळी तपासणी करतात किंवा डीटीपीए स्कॅन सांगतात. जास्तीची तपासणी सांगितली की आपल्याला वाटतं बिल वाढवतायत. 'क्रिएटिनिन' म्हणजे 'मांसाचं' एवढं ज्याला माहीत आहे, त्याला ती तपासणी कशासाठी हे चटकन उमगेल.

स्नायूत क्रिएटिन कुठल्या रूपात असतं, हे १९२७ साली बोस्टनला फिस्के आणि सुब्बाराव या दोघांनी शोधलं. यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. याच माणसाचा हात मूत्रपिंडाला बाधणाऱ्या दुसऱ्या एका मोठ्या औषधालाही लागलेला आहे, आणि त्या गोष्टीचा उगम मुंबईत आहे.

१९२८ साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना रक्तक्षय होऊन त्या दगावत होत्या. त्याचं कारण शोधायला ती परळच्या हाफकिन संस्थेत बसली. जेवणातल्या कसल्यातरी कमतरतेमुळे हे होतंय हे तिनं ओळखलं, आणि यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त काळ्या लगद्यानं, त्या बायका बऱ्या होतात हे १९३१ साली छापलं. ते द्रव्य काय, हे नंतर कळलं. १९४१ साली टेक्सासमध्ये चार टन पालकातून ते काढलं गेलं आणि लॅटिन 'फोलियम', पान, यावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. रसायनशास्त्रातलं त्याचं नाव मात्र दुसरं, 'टेरॉइल'पासून सुरू होणारं. त्यातला 'टेरॉन' ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ पंख, कारण त्या जातीची रंगद्रव्यं पहिल्यांदा फुलपाखरांच्या पंखांत सापडली होती. म्हणजे एकाच जीवनसत्त्वाची दोन नावं, एक पान आणि दुसरं पंख. संस्कृतात 'पत्र' म्हणजे पानही आणि पंखही, आणि हा 'पत्र' त्या 'टेरॉन'चाच सगा. 'पर्ण'ही तसाच, दोन्ही अर्थांचा. म्हणून तर गरुड सुपर्ण. त्याच पर्णाचं आपलं 'पान' झालं. ग्रीक-लॅटिनला जिथे दोन शब्द लागले तिथे आपल्या 'पत्र' आणि 'पर्ण' या दोन्ही शब्दांत पान आणि पंख आधीपासून एकत्र होते, याचा मला मनापासून आनंद होतो.

पेशी वाढायला हे द्रव्य लागतं. मग ते अडवलं तर रक्ताच्या कर्करोगाची वाढही अडेल, या विचारानं सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून फॉलिकसारखी दिसणारी, पण पेशीला फसवणारी द्रव्यं तयार झाली. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ती ल्युकेमियाच्या मुलांना दिली आणि १९४८ साली मुलांचा आजार काही काळ मागे हटल्याचं जगाला सांगितलं. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्याच वंशातलं मेथोट्रेक्सेट आज जगभर वापरलं जातं. संधिवातासाठी आठवड्याला एखादी गोळी, तर हाडाच्या आणि काही रक्ताच्या कर्करोगांत हजारो मिलिग्रॅमचा मोठा डोस.

मोठ्या डोसात ते किडनीला बाधतं ते वेगळ्या रीतीनं. आंबट लघवीत ते नीट विरघळत नाही, नलिकांतच त्याचे स्फटिक धरतात आणि वाट बुजते. बाहेर पडता येत नाही म्हणून औषध रक्तात राहतं, आणि राहिलेलं औषध तोंड, आतडी, रक्त सगळ्यांवर उठतं. उपाय म्हणून सोडा-बायकार्ब शिरेतून देऊन लघवी आंबट होऊ द्यायची नाही. वॉर्डात सिस्टर दर वेळच्या लघवीत कागदाची पट्टी बुडवते आणि रंग पाहते. सात किंवा वर असेल तरच पुढे. चोवीस तास उलटल्यावर ल्युकोव्होरिन सुरू होतं, निरोगी पेशींना वाचवायला. या नावातला 'व्होर' म्हणजे गिळणारा. सायट्रेट खाणाऱ्या एका जिवाणूच्या नावातून तो आला, आणि लॅटिन 'व्होरारे' आपल्या 'गिळणे'च्या गोतातला आहे. डॉक्टर त्याला 'रेस्क्यू' म्हणतात. हाफकिन आणि टाटा मेमोरियल एकाच परळमध्ये आहेत. लुसी विल्सनं जे द्रव्य गिरणीतल्या बायकांसाठी शोधलं, त्याचंच सक्रिय रूप म्हणजे ल्युकोव्होरिन, आणि ते तिथून जवळच रोज मुलांच्या शिरेत जातं.

बाकीच्या औषधांचा प्रपंच मोठा आहे. इफोस्फामाइड मुलांच्या नलिकांना बाधतं. त्याच्याबरोबर देतात ते मेस्ना मूत्राशय वाचवतं, मूत्रपिंड नाही. नव्या इम्युनोथेरपीत औषध स्वतः इजा करत नाही, शरीराची मोकळी सुटलेली प्रतिकारशक्ती किडनीवर धावून जाते, आणि तिथे पाण्याचा नव्हे, स्टेरॉइडचा उपयोग होतो.

सिस्प्लॅटिनचं धाकटं भावंड कार्बोप्लॅटिन किडनीला बरंच कमी बाधतं, आणि त्याचा डोस काढायची रीत मला सगळ्यांत न्यायाची वाटते. १९८९ साली कॅल्व्हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सूत्र दिलं: किडनीचा गाळण्याचा वेग घ्या, त्यात २५ मिळवा, ठरवलेल्या लक्ष्याच्या आकड्यानं गुणा. वेग ७५ आणि लक्ष्य ५ असेल तर ५०० मिलिग्रॅम. वेग ३५वर आला तर ३००. इथे किडनी साइडला नाही, गणिताच्या आत बसली आहे.

राहता राहिलं पाणी. 'लघवी' हा शब्द 'लघु'पासून आला, लहान काम. त्याला आपण लहान केलं, झाकलं, बायकांच्या बाबतीत तर गप्पच केलं. उपचारासाठी परळच्या फुटपाथवर किंवा धर्मशाळेत राहिलेल्या कितीतरी बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण रात्री-अपरात्री जायचं कुठे हा प्रश्न असतो. एसटीनं सात-आठ तासांचा प्रवास करणारीही पीत नाही. डॉक्टरांनी 'फ्लुइड्स भरपूर घ्या' म्हटलेलं असतं आणि ती मान हलवून येते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी रुग्णांची राहण्याची सोय होते, म्हणून तिथला संडास-नळ हा मी उपचाराचाच भाग मानतो.

केमो संपवून घरी जाणाऱ्याच्या हातात इंग्रजी कागद पडतो. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मराठीत काय लिहावं, ते मी डॉक्टर मित्रांना विचारून तयार केलं आहे आणि जिथे जमेल तिथे लिहून देतो: 'हे औषध किडनीला बाधू शकतं. पाणी हे त्याचं अनुपान आहे. किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारून इथे लिहून घ्या. लघवी होत असली तरी ठरल्या दिवशी रक्त तपासायला या. अंग दुखलं तर दुकानातून गोळी आणून घेऊ नका, आधी विचारा. उलट्या-जुलाबांनी पाणी पोटात ठरत नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, त्याच दिवशी फोन करा.'